नको म्हटलं की ट्रे पुढे जातो

सिंदी मेघेतल्या आमच्या अंगणातून त्या दिवसांत रोज संध्याकाळी एक विमान उडायचं. वांग्याच्या वाफ्याशेजारी आरामखुर्ची, खुर्चीत सासूबाई, त्यांच्या पोटाला पट्टा म्हणून माझ्या नवऱ्याचं उपरणं, आणि हातात परात घेतलेली हवाईसुंदरी म्हणजे मी. देश स्वतंत्र होऊन आठ-दहा वर्षं झाली होती. विमान आम्ही फक्त आभाळात पाहिलेलं. पण नणंद आफ्रिकेत बाळंत व्हायची होती, आणि सासूबाईंना परदेशी कंपनीच्या विमानातून एकटीनं जायचं होतं.

विमानाची भीती कुणालाच नव्हती. भीती होती त्यांच्या 'नको'ची. उपाशी राहिल्या की त्यांना भोवळ यायची, आणि पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. नवऱ्यानं नागपुरात विमानातून जाऊन आलेल्या एका गृहस्थांना गाठून चौकशी केली होती. खायला भरपूर देतात, पण विचारतात एकदाच.

"जेवण आणू?" मी विचारायची.

"नको व माय."

मी परात घेऊन वळायची. त्या डोळे मिटून वाट बघत बसायच्या.

"गेली काऊन? अजून विचारत नाई का?"

"नाई आत्याबाई. विमानात आग्रह करत नाईत."

"मंग हा कायचा पाहुणचार?"

मेथीचा वास यायचा, उजेड विरत जायचा, आणि मला खरंच वाटायचं की अंगण वर उचललं जातंय, गाय, विहीर, वाळत घातलेली लुगडी सगळ्यांसकट, आणि खाली वर्ध्याचे दिवे बारीक होत चाललेत. परात हातात धरून मी कितीतरी वेळ तशीच उभी राहायची. खाली उतरावंसं वाटायचं नाही.

निघायच्या दिवसापर्यंत त्यांच्या तोंडून एकदाही हो आलं नाही. नवरा त्यांना मुंबईला बसवून आला, पण पुढं कित्येक दिवस त्याला घास गोड लागला नाही.

बाळंतपण उरकून त्या परतल्या. त्या संध्याकाळी पुरुषमंडळी जेवून उठली आणि नेहमीप्रमाणे मागून जेवायला आम्ही दोघी चुलीपाशी उरलो.

"खुर्ची मागं जाते," त्या सांगू लागल्या. "उशी देतात, पांघरूण देतात. खाली ढगच ढग. त्या पोरीची भाषा कोनाले समजते? तिनं ताट दाखवलं, अन् माही मान हललीच, नको म्हणून. गेली बाई पुढं."

"मंग?"

"मंग तू दिसली, परात घेऊन वळलेली. ती मागं आली तसा तिचा हातच धरला, अन् ताटाकडं बोट केलं. तिनं माह्यापुढं ताट मांडलं, मांडीवर रुमाल पसरला. मी बसून, अन् दुसरं कोनी उभं राहून वाढते. लगन झाल्यापासून असं झालं नव्हतं. जेवता जेवता रडू आलं मले."

एरवी मी हसले असते. त्या दिवशी मी चुलीतली लाकडं सारत राहिले.

त्या उठल्या. मला पाटावर बसवलं, माझ्यापुढं ताट ठेवलं आणि भाकर घेऊन उभ्या राहिल्या.

"घेतं का?"

"नको, आत्याबाई." तोंडून गेलंच.

त्या वळल्या आणि भाकर घेऊन टोपल्याकडं निघाल्या.

"घेतो, आत्याबाई," मी घाईघाईनं म्हटलं, आणि ताट पुढं केलं.