बॉयलरकाकांची कंपनी

कारखान्यात सगळे त्यांना बॉयलरकाका म्हणत. कामच तसं होतं. पाण्याची पातळी उतरली किंवा वाफेचा दाब चढला, की जिवाशी खेळ. त्यामुळे बॉयलरवरच्या माणसाला जागचं हलता येत नसे. जेवणाचा भोंगा झाला की बाकीचे कँटीनकडे पळत आणि काका काट्यावर नजर ठेवून उभ्याउभ्याच डबा संपवत. घरी पोचेपर्यंत बायको वाट बघून जेवलेली असे.

"तुमची कंपनी म्हणजे माझी सवत," ती म्हणायची. "पण तीही मेली तुम्हाला धड बसून जेवू देत नाही!"

काका निवृत्त झाले आणि वर्षभरात ती गेली. मुलगा परदेशी. फोनवर नात इंग्रजीत चुरूचुरू बोलायची. काका आपले "हो बाळा, हो बाळा" करायचे. एकदा असंच "हो बाळा" म्हटलं आणि पोरगी रडायलाच लागली.

मुलगा म्हणाला, "बाबा, तिनं विचारलं होतं, 'आजोबा, तुम्ही मला विसरलात का?'"

काकांनी वाचनालयातल्या इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं.

तिथल्या बाईंनी एकदा विचारलं, "काका, तुम्हाला आधीपासून येणारा एखादा इंग्रजी शब्द सांगा."

"कंपनी."

"अर्थ?"

"अर्थ काय, कारखाना!"

बाई हसल्या. "कारखाना फार मागाहून आला. लॅटिनमध्ये 'कॉम' म्हणजे सोबत, 'पानिस' म्हणजे पाव. आपल्याबरोबर पाव खाणारा तो सोबती, आणि अशा सोबत्यांचा जमाव ती कंपनी. पुढे सैनिकांच्या तुकडीला, व्यापाऱ्यांच्या संघाला तेच नाव पडलं. आपला पावसुद्धा पोर्तुगीजांकडून आला, पण घराणं तेच."

वर्ग पुढच्या शब्दाकडे गेला. काका तिथंच अडकले. हयातभर आपण कंपनीत होतो, आणि तिथं एकदाही कुणाबरोबर घास खाल्ला नाही. बायकोबरोबर तरी कितीदा?

दुसऱ्या दिवशी दुपारी ते डबा घेऊन कारखान्याच्या फाटकाशी गेले. वॉचमन जुनाच होता.

"काका, आत नाही हो सोडता येणार. आणि जाऊन करणार काय? बॉयलर आता आपोआप चालतो, तिथं माणूसच नसतो."

"आत नाही जायचं. तू जेवलास?"

"मघाशीच."

काकांचा चेहरा पडला. वॉचमननं स्टूल पुढं सरकवलं. "बसा की. तुम्ही जेवा, मी चहा घेतो."

काका बसून जेवले. वॉचमन आपल्या गुडघ्याचं रडगाणं गात राहिला. मध्येच उठून एका ट्रकला फाटक उघडून आला.

"उद्या येऊ?" निघताना काकांनी विचारलं.

"उद्यापासून माझी रात्रपाळी. पुढच्या आठवड्यात या. जेवायचा थांबतो मी."

नातीशी आता अडखळत का होईना, बोलणं होतं. ती चुका काढते आणि खिदळते. वॉचमनची दिवसपाळी असली की काका फाटकाशी जातात. इतर दिवशी स्वयंपाकघरात एकटेच जेवतात, ताट लगेच घासून ठेवतात, आणि मग दुपार काही केल्या सरत नाही.