आरशावरच्या टिकल्या

व्हिसाचा फोटो काढायला कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेले, तर माझ्याआधी एक मुलगी बसली होती. कॉम्प्युटर इंजिनिअर. कुठल्याशा थंड देशाला आपला डिजिटल कारभार वाढवायचाय, म्हणून तो अशा मुलांना बोलावून घेतोय, असं उत्साहाने सांगत होती.

"टिकली काढा ताई, आणि हसू नका," फोटोवाला म्हणाला.

तिने टिकली काढून सवयीने आरशाला चिकटवली. हसू मात्र तिला आवरेना. शेवटी कसाबसा फोटो निघाला आणि ती पळालीच. टिकली तिथेच राहिली.

आरशाची कड अशा टिकल्यांनी भरून गेली होती. मला बसवेना. त्या देशांना हुशार माणसं हवीत, मान्य. आमच्या मुली हौसेने जातात, कुणी ओढून नेत नाही, तेही मान्य. मग चिडायचं तरी कुणावर?

"या काकू. कुठे निघालात?"

"मुलीकडे," मी म्हटलं. तिचाही फोटो इथेच काढला होता.

पण स्टुलावर बसायचं सोडून मी आरशाशीच उभी राहिले. ती लावायची तशी बारीक, मरून रंगाची टिकली शोधत होते.

तशा पुष्कळ होत्या.