भिंतींचे डॉक्टर

माझ्या बायकोच्या मामांच्या मते या जगात निरोगी भिंत नावाची वस्तूच नाही. जिची अजून तपासणी झालेली नाही अशी भिंत तेवढी असते. मामांचा उभा जन्म लीड्सच्या एका हॉस्पिटलात लोकांच्या छात्या ठोकून पाहण्यात गेला. निवृत्त झाल्यावर पेशंट संपले, पण बोटांची खोड गेली नाही. कलिंगड सगळेच ठोकून घेतात, मामा पावसुद्धा ठोकून घेतात. मामी गेल्यापासून तर घरात त्यांना अडवायलाही कुणी उरलं नव्हतं. अशात मुक्ताने आणि मी त्यांच्याच गावात आमचं पहिलंवहिलं घर घेतलं. लाल विटांचं, रांगेतलं, आमच्या पणजोबांच्या वयाचं. घर पाहावं बांधून म्हणतात. दुसऱ्याने बांधलेलं जुनं घर दुरुस्त करणाऱ्यांसाठी म्हण रचायचा धीर पूर्वजांना झाला नसावा.

चाव्या मिळाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मामा दारात हजर. हातात डॉक्टरकीची जुनी काळी बॅग, तिच्यात थापी, पटाशी आणि चहाचा थर्मास. "आधी हिस्टरी सांगा," ते म्हणाले, आणि आम्ही तोंड उघडायच्या आत डावा तळहात भिंतीवर पसरून त्यावर उजव्या बोटाने टकटक करायला लागले. मान तिरकी, डोळे मिटलेले. "डल नोट. इथे पाणी झालंय." शेजारच्या घराला लागून असलेली भिंत त्यांनी इतकी मनापासून तपासली की पलीकडून तितकंच मनापासून उत्तर आलं. "ऐकलंत? रिफ्लेक्स शाबूत आहेत!" मामा हरखून म्हणाले. पाचच मिनिटांत शेजारच्या आजीबाई धापा टाकत आल्या. "ऑल राइट, लव्ह?" कुणी आत अडकून मदतीला बोलावतंय असंच त्यांना वाटलं होतं. मामा त्यांना धीर द्यायला म्हणून त्यांच्या घरी गेले, तीच भिंत त्या बाजूने तपासली आणि आल्याची बिस्किटं खाऊन परत आले.

आमचा बिल्डर म्हणजे दाराची चौकट भरून टाकणारा यॉर्कशरी गडी. त्याला स्वयंपाकघरात उभं करून मामा बैठकीच्या खोलीतून ओरडले, "से नाइन्टी-नाइन!" आणि भिंतीला कान लावून बसले.

मी म्हटलं, "मामा, आपल्याकडचे डॉक्टर तर एक-एक-एक म्हणायला लावतात."

"भिंत ब्रिटिश आहे, जावईबापू."

बिल्डर बिचारा भाबडेपणाने नाइन्टी-नाइन म्हणत राहिला. मामांनी त्याला थांबायला सांगितलंच नाही, कारण ते ऐकण्यात रमले होते.

गंमत इथपर्यंत ठीक होती. पण स्वयंपाकघर आणि बैठकीमधली नेमकी हीच भिंत आम्हाला पाडायची होती. भाड्याच्या फ्लॅटमधल्या काडेपेटीएवढ्या किचनमध्ये पोळ्या लाटताना मुक्ताने एकच स्वप्न पाहिलं होतं: ओपन प्लॅन! त्या भिंतीवर घराचा भार नाही असं बिल्डरने सांगितलं, सोमवारी तो हातोडा घेऊन येणार होता. मामांनी मात्र ऑपरेशनला संमती नाकारली. एके दिवशी म्हणाले, फोडणीचा वास सोफ्यात मुरेल. दुसऱ्या दिवशी, हीटिंगचं बिल बघून रडाल. शनिवारी तर त्यांनी भिंतीला खुर्चीच लावली आणि तिला पाठ टेकून थालीपीठ खात बसले.

मुक्ता चिडली. "मामा, बास हं आता! घर आमचं आहे. आणि तुमच्या घरातली भिंत तर तुम्हीच पाडलीत ना?"

मामांचं थालीपीठ हातातच राहिलं.

"पाडली ना. तुझी मामी माहेरी गेली होती, म्हटलं सरप्राइज देऊ. ती स्वयंपाक करताना गायची गं. दार लावून. समोर कुणी आलं की लाजून गप्प. मी ड्यूटीवरून आलो की बाहेर असाच पाठ टेकून बसायचो. तिला कधी कळू दिलं नाही. माहेरून परत आली, किचन बघून म्हणाली, किती छान उजेड आलाय हो. आणि मग कधी गायलीच नाही. लोकांच्या छातीतलं सगळं ऐकू यायचं मला, पण घरातलं गाणं बंद झालंय हे मात्र फार उशिरा कळलं. काल मी इथे वॉलपेपर खरवडत होतो, तेव्हा तू आत गुणगुणत होतीस. मी बाहेर आहे हे विसरून."

मुक्ता आत गेली आणि तिने बिल्डरला फोन लावला. भिंतीऐवजी मागची खिडकी मोठी करायचं ठरलं. उजेड तिकडूनही भरपूर येतो.

आता रविवारी मामा जेवायला येतात. बाकीच्या भिंतींची राउंड होते, शेजारच्या आजीबाईंशी ठोकाठोकी होते. त्या एका भिंतीला मात्र ते बोट लावत नाहीत. खुर्ची ओढून, भिंतीवर नुसता तळहात टेकवून बसतात. मामा बाहेर आहेत हे मुक्ताला माहीत असतं, तरी ती दार लावते आणि गाते. मधेच मोहरी तडतडते, गाणं थांबतं.  ते पुन्हा सुरू होईपर्यंत मामा भिंतीवरचा हात काढत नाहीत.