सिस्टर कधी सुटणार?

सिस्टरची निम्मी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात गेली. दार ढकलून बाहेर यायचं आणि "सुटली हो!" म्हणून ओरडायचं, की बाकावरची माणसं धडपडत उठायची, "मुलगा की मुलगी?" श्वास घ्यायला फुरसत नसायची. पुढे बाळं कमी होत गेली. किती कमी, तर पाळण्यांत नर्सा आपले स्वेटर ठेवायला लागल्या. शेवटी वॉर्डच बंद झाला. पाळणे माळ्यावर गेले, त्यांच्या जागी म्हाताऱ्यांच्या खाटा आल्या, आणि सिस्टर तिथेच राहिली.

जिभेची सवय मात्र जाईना. पहिले आजोबा गेले, तेव्हा ती बाहेर येऊन म्हणाली, "सुटले." सुनेने आनंदाने हात जोडले, "मग घरी कधी नेऊ?" सिस्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माणूस कशालाही सरावतो हो. पुढेपुढे तिला कशाचंच काही वाटेनासं झालं.

तिची स्वतःची सुटका या महिनाअखेरीला होती. घरी नवरा अर्धांगवायूने पडलेला. एकुलती एक लेक दूरच्या शहरात; मूलबीळ नको, हे तिने कधीच सांगून टाकलेलं. दिवसा शेजारीण डोकावून जायची. नवऱ्याचे शब्द अडखळायचे, पण रोज सकाळी तो विचारायचाच, "कधी सुटणार?" त्याच्या गालावरचा साबण पुसत ती म्हणायची, "आलंच की आता. मग बसते तुझ्या उशाशी. कंटाळशील बघ."

आणि नेमका तेव्हाच हुकूम आला. निवृत्ती तीन वर्षं पुढे.

"पेन्शनीत भर घालणारे कमी, खाणारे जास्त," हेडक्लार्क म्हणाला. "तुमच्या वॉर्डातले पाळणे हलले असते, तर आज ती पोरं कमावती झाली असती, सिस्टर."

"मग मी काय घरोघरी जाऊन सांगायचं होतं, हलवा म्हणून?"

तो हसला. तीही हसली. आधी नोकरी सोडली तर पेन्शन निम्मी, आणि त्यात नवऱ्याची औषधंही भागणार नव्हती. बरं, तीन तर तीन, म्हणाली, आणि वॉर्डात जाऊन कुणाच्या तरी नवऱ्याला दूध पाजलं.

स्वतःच्या नवऱ्याला सांगायला मात्र जीभ उचलेना. भित्री कुठली! महिन्याच्या शेवटच्या सकाळी त्याने काही विचारलं नाही. तारीख त्याच्या पक्की लक्षात होती. तो नुसता तिच्याकडे बघून अर्ध्या तोंडाने हसला. "येते," एवढंच म्हणून ती निघाली.

संध्याकाळी जिना चढून आली, तर शेजारीण दारातच उभी. रडून डोळे सुजलेले. तिने सिस्टरचा हात घट्ट धरला.

"सुटले हो."

सिस्टरने तिच्याकडे पाहिलं.

"मुलगा की मुलगी?" तिने विचारलं.