अक्काच्या पाठवणीची धून

आई गेली तेव्हा अक्का मराठी चौथीत होती. तिनं पाटी बाजूला ठेवली आणि चूल हातात घेतली, म्हणून मी शिकलो आणि लोणावळ्याला मास्तर झालो. हे तिला तोंडावर कधी म्हणता आलं नाही. आमच्या घरात ‘जेवलास का’ एवढ्यातच सगळं यायचं. माझी नोकरी लागेपर्यंत तिनं स्थळंही पाहू दिली नाहीत. लढाईच्या दिवसांत तिचं लग्न ठरलं आणि माझी झोप उडाली. मी काही न बोलताच ती गेली असती, तर ते ओझं जन्मभर माझ्या उरावर राहिलं असतं.

शब्द जमेनात म्हणून शाळेतली प्रार्थनेची पेटी पुढे ओढली. पंधरा दिवस खपून एक धून बांधली, ती वाजवून स्वतःच डोळे पुसले. मग पेटी डोक्यावर घेऊन आमच्या गावी, वलवणला, सनईवाल्या आबांकडे गेलो. पाठवणीला त्यांनी ती वाजवावी, असं माझ्या मनात होतं.

आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मास्तर, ही तुमी बसून बांधलीया. आमाला गाडीम्होरं चालत वाजवायचीया. हिच्यावर बैलबी हलायचं न्हाईत.”

मला राग आला, पण खरंच तिच्यात पाऊल टाकायला कुठं जागा नव्हती.

“आनि ह्यात समदं तुमचंच रडं हाय,” आबा म्हणाले. “पोरगी कुटं हाय? ती चालती कशी?”

अक्का चालत नाहीच, ती सुटते. पाण्याला, शेतावर, ताट घेऊन माझ्यामागे. मध्येच थबकून कुणाला तरी फटकारते आणि पुन्हा निघते. मी ते पेटीवर दाखवू लागलो, तशी आबांनी सनई काढली. संध्याकाळपर्यंत माझी रडकी धून गेली आणि भरभर जाणारी, दोनदा अडणारी एक नवीच धून आली. तिच्यात माझा एक लांब सूर मात्र आबांनी राहू दिला.

पाठवणीला अक्का गाडीत पदरात तोंड घालून रडत होती. सनई सुरू झाली तशा बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पाठवणीला असलं कुणी वाजवत नाही. गाडीच्या कडेनं मी मान खाली घालून चालत होतो.

धून दुसऱ्यांदा अडली आणि अक्कानं तोंड वर केलं. आधी आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“ही मी हाय व्हय रं?”

मी मान हलवली. भर पाठवणीत नवरी हसली. बायकांना ते मुळीच आवडलं नाही.

शिवेवर रिवाजाप्रमाणे वाजंत्री थांबले. अक्कानं वाकून माझ्या गालावर हात ठेवला.

“लय वर्सं वाटायचं, मी काय सोडलं ते तुला ठावंच न्हाई. ठावं हाय, मग झालं.”

गाडी पुढे गेली. बहीण सासरी निघाली होती आणि मला किती तरी वर्षांनी हलकं वाटत होतं. त्याची लाजही वाटली नाही.