बाबांचं नाव मावत नाही

भर मीटिंगमध्ये सरांनी माझा ईमेलचा पत्ता पडद्यावर मोठा करून लावला. सगळे हसले. मीही हसले. सवयच तशी.

"एवढं लांबलचक कोण ठेवतं, बेन? बापाचं नाव काढी नाख ना, काढून टाक!"

सर मराठीच, बोलणं मात्र गुजराती मिसळलेलं. आजोबा संस्थानात अंमलदार होते, हे ते येताजाता ऐकवतात. माझे बाबा शहराबाहेर, कोयलीला कंत्राटावर टाक्या साफ करतात. तिथे त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही. 'ए सफाईवाला', नाहीतर थेट जात. म्हणून घडियाळी पोळमधल्या सायबर कॅफेत माझा ईमेल काढताना ते म्हणाले होते, "माझं बी नाव घाल. पुरं घाल." घातलं. माझं, त्यांचं, आडनाव.

त्याच पत्त्याने मी कॉलेजात असताना हॉस्टेलचा अर्ज केला. ईमेलच्या चौकटीत तीसच अक्षरं मावत होती. पुढची तिने मुकाट गिळली. चूक दाखवली नाही, काही नाही. जागा मिळाल्याचं पत्र मला आलंच नाही. चौकशीला गेले तर खिडकीमागचे म्हणाले, "कळवलं होतं की." माझी खाट दुसरीला दिली होती. शिकले ती कोयलीहून ये-जा करून.

पुढे सयाजीगंजमधल्या ऑफिसात मी वेबसाइट तपासायचं काम करत होते. तपासायला आली ती एका हॉस्टेलचीच. वेबसाइट नवी, चौकट तशीच. मी माझाच पत्ता घातला. शेपूट कापलं. ईमेलला नियमाने अडीचशे अक्षरंसुद्धा चालतात. मी 'नापास' लिहिलं. म्हणून ही मीटिंग.

मी म्हणाले, "सर, एखाद्या पोरीची सीट जाईल."

"तुमच्या लोकांना तर सीट एमनेम, अशीच मिळते. पास लिही."

परत सगळे हसले. या वेळी मी हसले नाही.

"नाही लिहिणार."

जन्मात पहिल्यांदा म्हणाले.

सरांनी स्वतःच 'पास' लिहिलं. वेबसाइट सुरू झाली. मला सोमवारपासून येऊ नको म्हणाले.

घरी सगळं सांगितलं. बाबा खाली मान घालून म्हणाले, "काढायचं होतं गं माझं नाव. काय अडलं होतं?"

सर बोलले तेव्हा मी रडले नव्हते. हे ऐकून रडले.

आता नोकरीचे अर्ज भरते. काही चौकटी पत्ता घेतच नाहीत. काही घेतात, पण उत्तर येत नाही. येईल असंही वाटत नाही. तरी दर अर्जात बाबांचं नाव पुरं लिहिते. चौकटीला कापायचं तर कापू दे. माझ्या हाताने मी ते कापणार नाही.