देव टेम्पोत बसले नाहीत

“उद्या लगीन होऊन जाईल तिचं. मंग देव काय आंदणात न्यायचे का?”

टेम्पोच्या पलीकडून कुणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. मी अलीकडे, मागच्या चाकापाशी उकिडवी बसून बुटाची नाडी बांधत होते. नाडी बांधून झाली तरी तशीच बसून राहिले. गप्प माणसासमोर लोक मोकळेपणानं बोलतात, आणि न दिसणाऱ्या माणसासमोर तर फारच.

बोलणं आमच्या टाकांवरून चाललं होतं. टाक म्हणजे घरचे देव. चांदीचे छोटे पत्रे, तळहातात मावतील एवढे. एकावर घोड्यावर बसलेला खंडोबा, एकावर देवी, बाकीच्यांवर आमचे पूर्वज, ज्यांचे चेहरे पुसून पुसून सारखेच झालेत. आमच्या भावकीत टाक थोरल्याच्या घरी राहतात. थोरले माझे वडील. ते रेल्वेत होते म्हणून टाकही हैदराबादला आले आणि क्वार्टरच्या स्वयंपाकघरात फळीवर राहिले. मी मिशनच्या शाळेत इंग्रजीतून प्रार्थना म्हणून घरी यायचे आणि आई लगेच माझ्या कपाळाला भंडारा लावायची. आम्हा दोघींना त्यात काही विचित्र वाटलं नाही.

वडील गेले तेव्हा क्वार्टर सुटलं. त्याच सुमाराला लातूर वेगळा जिल्हा झाला, नवी ऑफिसं उघडली, आणि इंग्रजी टायपिंग येतं म्हणून मला त्यातल्या एकात नोकरी मिळाली. आम्ही दोघी लातूरला दोन खोल्यांत राहायला आलो, बरोबर देव. तेराव्याच्या जेवणातच काकांनी विषय काढला होता. त्यांच्या घरी मुलगा आहे, आमच्या घरी मी. देव कुठं राहावेत हे त्यांच्या मते सांगायचीही गरज नव्हती.

पण आमच्याकडे हे असं बोलून ठरत नाही. काही वर्षांनी एकदा मार्गशीर्षात, जत्रेच्या दिवसांत, टाक माळेगावच्या खंडोबाच्या भेटीला न्यायचे असतात. पायी. तिथं देवळासमोर तळी भरतात. ताटात पानं, खोबरं, भंडारा आणि टाक ठेवायचे, पाच पुरुषांनी ताटाला हात लावायचा आणि येळकोट करत ते उचलायचं. त्या पाचांत थोरल्या घरातर्फे ज्याचा हात ताटाला लागेल त्याच्या घरी देव परत जातात. वडिलांचा हात लागायचा. यंदा कुणाचा, एवढाच प्रश्न होता, आणि टेम्पोमागचे लोक त्यावरच हसत होते.

आमचं मूळ गाव देवणीजवळ. तिथून माळेगावला दरवेळी सगळी भावकी चालत जायची, बैलगाडीत सामान टाकून. त्या वर्षी दुष्काळ होता. विहिरींचे तळ दिसत होते, मुक्कामाच्या गावांनी आधीच निरोप धाडला होता की एवढ्या माणसांना पाणी देणं जमणार नाही. गाडीला जुंपायला बैल उरले नव्हते. म्हणून टेम्पो.

“वैनी,” काका आईला म्हणाले, “देव माझ्यापाशी द्या. मी मांडीवर घेऊन बसतो. तुमी दोघी पुढं ड्रायव्हरपाशी बसा, आरामात.”

“देव पायी जात्यात, भावजी.”

“औंदा पाणी न्हाई वाटंवर.”

“देवाला म्हाईत हाय ते.”

“अन् चालणार कोण?”

आईनं पिवळ्या कापडी पिशवीत बांधलेले टाक गळ्यात घातले, वरून पदर घेतला आणि पायातल्या चपला काढून माझ्या पिशवीत टाकल्या. टाक ज्याच्या गळ्यात तो अनवाणी चालतो. तो वाहनात बसत नाही, टाक जमिनीला टेकवत नाही. मला नियम ठाऊक होते, पण ते दुसऱ्या कुणाला लागू होतात असंच मी धरून चालले होते.

“उदगीर येईस्तोवर हात करून टेम्पो थांबवत्यात का न्हाई बगा,” माझा चुलतभाऊ वर चढता चढता म्हणाला. मग मला, “काय मॅडम, तुमी बी चालायलात? ऑफिसात सांगितलं का?”

टेम्पो गेला. धूळ बराच वेळ खाली बसली नाही.

आम्ही चालायला लागलो. दुतर्फा रानं होती, त्यात गुडघ्याएवढी ज्वारी, कणसं पोटऱ्यात येण्याआधीच वाळलेली. आई मध्येच थांबून ज्वारीचं एखादं ताट बोटांनी चुरगाळून बघायची आणि पुढं निघायची. मला शेतीतलं काही कळत नाही. पण कडब्याचा तो कोरडा आवाज मला कळत होता.

उदगीरच्या अलीकडे आईला आडोशाला जायचं होतं. ती थांबली आणि तिनं आजूबाजूला पाहिलं. मी तिच्या शेजारीच उभी होते, तरी तिनं पाहिलं. टाक घ्यायला नेहमी कुणीतरी पुरुष असायचा ना. रस्त्यावर दुसरं कुणीच नव्हतं.

“घे,” ती म्हणाली.

मी हात पुढं केले. तिचे डोळे माझ्या पायांवर होते. मी पांढरे कॅनव्हासचे बूट आणि मोजे काढले, रस्त्यावर उभी राहिले, आणि तिनं ती पिवळी पिशवी माझ्या गळ्यात घातली. चांदी तिच्या अंगानं गरम झाली होती. आई बाभळीमागं गेली. मी तिथं उभी, इकडचा तिकडं पाय न हलवता, जणू कुणी परीक्षा घेतंय. एक एसटी गेली. खिडकीतल्या एका बाईनं मला पाहून हात जोडले. एवढ्या वर्षांत मला कुणी हात जोडले नव्हते आणि मला कुठं बघावं कळेना.

दुसऱ्या दिवशी शिरूरच्या वाटेवर आईच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. सुई मागून घेऊन तो काढला तरी पाय सुजला. तिनं रस्त्याच्या कडेला बसून टाच पुन्हा पुन्हा दाबून बघितली. तिथूनच कुणाला तरी निरोप दिला असता तर टेम्पो परत आला असता. तिनं गळ्यातली पिशवी काढून माझ्या गळ्यात घातली. या वेळी आजूबाजूला पाहिलं नाही.

“चपलंत टाच टिकंना. बूट दे तुझे,” म्हणाली.

माझे बूट तिला मोठे होत होते. पुढं माझे मोजे कोंबून ती चालू लागली. लुगडं, डोक्यावर पदर आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. मी तिच्यामागं अनवाणी. डांबर दुपारी तापायचं म्हणून कडेच्या मातीतून चालायचं, मातीत सराटे म्हणून परत डांबरावर यायचं. पाय कसे दुखतात हे लिहिण्यात अर्थ नाही. ज्यांचे रोज दुखतात ते लिहीत नाहीत.

पुढच्या मुक्कामाकडे जाताना टेम्पोनं आम्हाला गाठलं. पुढं सामान टाकून, वाटेत कुणाकडे जेवून, आमची चौकशी करायला तो मागं-पुढं फिरत होता. चौकशी म्हणजे आम्ही थकलो का ते बघणं.

“काकू, पीटीला चालल्या का?” वरून कुणीतरी ओरडलं.

“हाव, पीटीलाच,” आई म्हणाली. “उतर खाली. पोट सुटलंय तुझं.”

टेम्पोतले सगळे हसले, तोही हसला. काका हसले नाहीत. त्यांनी माझ्या गळ्यातल्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे.

“वैनी, हे बरं न्हाई. पोरीच्या गळ्यात?”

“मंग कुनाच्या गळ्यात? तुमी उतरता का?”

काका उतरले नाहीत.

त्या संध्याकाळी एका वस्तीवर एका बाईनं आम्हाला ओसरीवर जागा दिली. टाक घेऊन येणाऱ्याचे पाय पाण्यानं धुवायचे असतात. तिच्या दारात एकच घागर होती, तीही अर्धी. मी लगेच म्हणाले, नको, राहू द्या. माझ्या बोलण्यातलं शहर तिला ऐकू आलं असणार, कारण ती थोडी चिडली.

“न्हाई कशी म्हनता? देव आलेत दारात.”

तिनं घागरीत ओंजळ न बुडवता नुसता तळवा ओला केला आणि त्या ओल्या तळव्यानं माझे पाय पुसले. आधी एक, मग दुसरा. परत तळवा ओला केला नाही. फोडांवरून हात गेला तेव्हा मी दात आवळले. आईपेक्षा वयानं मोठी बाई माझ्या पायाशी बसली होती, आणि तिला उठवायला मला शब्द सापडेना. कुठल्याच भाषेत.

“आक्का, कुनाची लेक?” तिनं आईला विचारलं.

आमच्याकडे याला उत्तर वडिलांच्या नावानं देतात. आई म्हणाली, “माझी.”

तिचा नवरा खाटेवर बसून बिडी ओढत होता. आम्ही लातूरहून आलो हे कळल्यावर म्हणाला, “जिल्हा आला म्हनं. टँकर कवा यायलाय?”

मी नव्या जिल्ह्याच्याच कचेरीत बसते हे मी त्याला सांगितलं नाही.

अहमदपूरच्या पुढं एका लिंबाखाली आम्ही भाकरी खायला बसलो. मी टाक मांडीवर घेतले होते. आता माळेगाव एका दमात होतं. मला बरं वाटत होतं, मी ते लपवतही नव्हते. आपण त्यांना दाखवलं, असं काहीतरी मी आईला म्हणाले.

आई भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, “तिथं गेल्यावर पिशवी काकाच्या हातात दे. नीट दे, दोन्ही हातांनी.”

“कशाला?”

“तळीला पुरुष लागत्यात. आपल्यात कोन हाय?”

“मग आपण चालतोय कशाला?” माझा आवाज वर गेला. आईबरोबर तो जायचा. बाकी कुणाबरोबर नाही.

“देऊन टाकायचे असले तरी पायी जाऊन द्यावं. टेम्पोत टाकून नव्हं. तुझ्या बापानं एकदा बी वाहनात बसवले न्हाईत.”

“म्हणजे तू आधीपासूनच ठरवलं होतंस.”

“तू सासरी जाशील. मी किती दिवस? मंग हे कुनाच्या फळीवर?”

टेम्पोमागचा माणूस जे हसत म्हणाला होता तेच आई न हसता म्हणत होती. मला त्या माणसाचा राग आला नव्हता एवढा आईचा आला. ती सुजलेल्या पायानं, दुसऱ्याचे बूट घालून, आमचा पराभव व्यवस्थित नेऊन पोचवायला निघाली होती. आणि मला वाटत होतं की आम्ही लढतोय.

मी भाकरी खाल्ली नाही. तिनं ती फडक्यात बांधली. मी पुढं चालले, ती मागं. नांदेड जिल्हा सुरू होतो तिथं लातूर जिल्ह्याची नवी पाटी लागली होती, अजून एकही ओरखडा नसलेली. आई तिथं थांबून दम घेत होती. मी थांबले, पण वळून पाहिलं नाही. त्या सबंध वाटेवर मी एकच गोष्ट तपासत होते. हे टाक माझ्या गळ्यात असताना मला जड झाले का? नाही झाले. सासर कुठं असेल, असेल की नाही, मला माहीत नव्हतं. पण फळी कुठंही ठोकता येते. हैदराबादला सरकारी भिंतीत ठोकली होती, लातूरला भाड्याच्या. मुलगा असलेल्या घरीच भिंत असते असं थोडंच आहे?

माळेगावात शिरलो तेव्हा हवेत भंडारा होता. माणसं, झाडं, दुकानांची कापडं, सगळं पिवळं. जनावरांचा बाजार नेहमीच्या मानानं रिकामा. देवणी जातीचे बैल मोजकेच, बरगड्या दिसणारे, पण शिंगं रंगवलेली. देवळासमोरच्या गर्दीत आमची भावकी जागा धरून बसली होती. मध्ये पितळी ताट, त्यात विड्याची पानं, खोबऱ्याची वाटी, भंडारा. भोवती काका, चुलतभाऊ आणि भावकीतले तिघं. पाच झालेच होते. टाकांची जागा तेवढी रिकामी ठेवली होती.

“आल्या, आल्या,” चुलतभाऊ म्हणाला. “मॅडम खरंच चालल्या की!” त्याच्या आवाजात या वेळी टोमणा कमी होता.

काकांनी वर बघत दोन्ही हात पसरले. “आण, बाळा. लई केलंस. आता आमच्याकडं दे.”

ते प्रेमानं म्हणाले, हे मी मान्य करते. काका वाईट माणूस नाहीत. त्यांना फक्त कधी शंका आली नव्हती.

आई माझ्या मागं उभी होती. तिनं हलकेच माझ्या पाठीला हात लावला, पुढं जा म्हणून. मी पुढं गेले. गुडघे टेकून ताटापाशी बसले, पिशवीची गाठ सोडली आणि टाक एकेक करून माझ्या हातानं ताटात ठेवले. खंडोबा, देवी, मग पूर्वज. काकांचे पसरलेले हात तसेच राहिले. कुणीतरी म्हणालं, ठेवले का, मग सरक आता मागं. मी सरकले नाही. शेजारच्या तळीचा येळकोट झाला, भंडारा आमच्याही अंगावर उडाला. भावकीतला एक म्हातारा खाकरला. ही गप्पच राहणार आणि मग उठणार, अशी सगळ्यांना खात्री होती. मलाही, क्षणभर.

मी ताटाची कड धरली. ती थंड होती. वर बघून, जत्रेच्या त्या गोंगाटात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, मी म्हणाले, “काका, उठा. आमच्या घरातर्फे मी बसणार आहे.”